रिकाम्या डब्याचं घनफळ

६ जानेवारी, सोमवार

गणिताच्या बाई आजपासून बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांचं पाचवीचं गणित माझ्या गळ्यात पडलं. मी भाषेची शिक्षिका. पाच वर्षं कंत्राटावर कविता आणि निबंध शिकवतेय. गणिताशी माझा संबंध शाळा सुटली त्या दिवशी सुटला, आणि तोही दोन्ही बाजूंच्या संमतीने. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, तसं सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "पाचवीचंच तर आहे. तुम्हाला काय चंद्रावर यान सोडायचंय?"

मग खरी गोष्ट बाहेर आली. यंदा माझी फाईल वर गेली आहे. बावीस तारखेला तपासनीस येऊन माझा एक तास बघणार, आणि त्यावर ठरणार की मला कायम करायचं की मार्चअखेर नारळ द्यायचा. मी म्हटलं, मग कवितेचा तास बघू दे ना. "त्यांनी गणितच मागितलंय. घनफळाचा धडा." म्हणजे आडातच नाही, आणि पोहऱ्यात काय येतं ते बघायला माणूस येणार.

घरी आमच्या ह्यांना अजून सांगितलं नाही. हे सामान हलवणाऱ्या कंपनीत गाड्या भरायचे, अठरा वर्षं. ऑक्टोबरात कुणाचं तरी कपाट जिन्यावरून उतरवताना पाठ गेली. डॉक्टर म्हणाले, ओझं उचलणं आता कायमचं बंद. तेव्हापासून खिडकीजवळच्या दिवाणावर पडून असतात आणि छत बघतात. घरात आता माझीच नोकरी उरली आहे. हे वाक्य त्यांच्यासमोर बोलता येत नाही म्हणून इथे लिहिलं.

८ जानेवारी, बुधवार

पहिला तास. फळ्यावर "घनफळ" लिहिलं आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हे कुठल्या झाडाला लागतं?"

चौतीस मुलं हसली, पण मला एकदम हायसं वाटलं. शब्दाचा प्रश्न म्हणजे माझंच अंगण. मी शब्द फोडून दाखवला. फळ म्हणजे निष्पन्न झालेलं उत्तर. क्षेत्रफळात तेच, गुणाकाराच्या फळात तेच. आणि घन म्हणजे भरीव, दाट, जसं घनदाट जंगल. फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, "घन म्हणजे भरीव". मुलांनी वहीत उतरवून चौकट केली. तास इतका छान रंगला की गणित इतकं सोपं असताना आपण उगाच घाबरत होतो असं वाटलं.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते. तिला वर्गात सगळे वकील म्हणतात. ती म्हणाली, "बाई, आणि एखादी वस्तू पोकळ असेल तर?" मी म्हटलं, पोकळ म्हणजे घन नव्हे, पुढचं पुढे बघू. तिने तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं, बावीस तारखेसकट. छताकडे बघतच म्हणाले, "मग आमच्या रिकाम्या गाडीचं काय?"

"अहो, गाडी पुस्तकात नाहीये," मी म्हटलं. प्रत्येक गोष्टीत ह्यांना गाडी दिसते.

९ जानेवारी, गुरुवार

कपाटातून ठोकळ्यांची पेटी काढली. एक सेंटीमीटर बाजूचे लाकडी ठोकळे, पेटीवर लिहिलंय शंभर, आत निघाले त्रेचाळीस. बाकीचे गेल्या कित्येक वर्षांच्या खिशांतून घरोघरी गेले असणार. सोबत एक छोटा लाकडी डबा आहे, पाच लांब, चार रुंद, तीन उंच. मुलं भरायला बसली आणि डबा भरायच्या आत ठोकळे संपले. मी विचारलं, घनफळ किती? एकमुखाने उत्तर आलं, त्रेचाळीस.

मी सूत्र सांगितलं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, साठ. मुलांनी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी पडताना कसं दिसतं ते आज बघितलं.

शिपायाला विचारलं, ठोकळे आणखी मिळतील का? तो म्हणाला, "बाई, अर्ज करा. तुमचा वर्ग दहावीत जाईपर्यंत येतील."

१३ जानेवारी, सोमवार

रविवारी धुण्याच्या साबणाच्या दोन वड्या सुरीने कापून ठोकळे करायला बसले होते. एकही सरळ होईना. एक तिरका, एक बुटका, आणि बोटांना फेस. हे दिवाणावरून बघत होते. शेवटी म्हणाले, "काय चाललंय तुझं?"

सांगितलं. सतरा ठोकळे कमी पडतात म्हणून.

"अगं, गाडीत किती खोकी बसतील ते बघायला गाडी भरून कोण बघतं? तळ भर. एक थर. मग एकाच कोपऱ्यात उभा खांब लाव, वरपर्यंत. तळात किती ते कळलं, थर किती ते कळलं. झालं."

मी शाळेतून डबा आणला होता. तो त्यांनी मागून घेतला, उठून बसले आणि लावून दाखवला. तळाला वीस. कोपऱ्यात आणखी दोन, म्हणजे तीन थर. वीस, वीस आणि वीस. बावीस ठोकळ्यांत काम झालं आणि एकवीस उरले. मी चार दिवस शाळाभर ठोकळे शोधत फिरतेय आणि माणूस घरात दिवाणावर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

नंतर तासभर ते बसूनच होते. डबा काढला, काड्यापेट्या काढल्या, माझ्या बांगड्यांची पेटी रिकामी केली, सगळ्याला थर लावून बघितले. शुक्रवारी डॉक्टरांनी गोळ्या बदलून दिल्या त्याचा गुण दिसतोय. महाग आहेत, पण बसवलं त्यांनी माणसाला.

१७ जानेवारी, शुक्रवार

थरांची युक्ती वर्गात चालली. नुसती चालली नाही, पळाली. मुलांनी खडूची पेटी केली, कंपास केला, एकाने तर शेजाऱ्याचं डोकं मोजायला घेतलं. ते चौकोनी नाही म्हणून वाचलं. सूत्र मला सांगावंच लागलं नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, तळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, आणि थर म्हणजे उंची. तुम्ही सांगितलं तेच आहे हे." मी पण वरकरणी शांतपणे म्हटलं, हो, तेच आहे. खरं तर मलाही ते तेव्हाच कळलं.

वकील मात्र अडून बसली. सगळ्यांनी आपापला जेवणाचा डबा मोजला, हिने मोजला नाही. "माझा रिकामा झालाय बाई. रिकाम्याचं काय मोजायचं?" मी म्हटलं, वकिली पुरे, गणित कर. मग तिने बाटलीतलं पाणी डब्यात ओतलं, काठोकाठ भरला आणि मोजला. दफ्तर भिजलं. हट्टी आहे पोरगी.

आता वाईट गोष्ट लिहिते. हे रोज मी दारात पाय ठेवला की विचारतात, आज वर्गात काय झालं, कोण काय म्हणालं, खांब लावताना पडला का. आज डोकं दुखत होतं. मी म्हणून गेले, "रिकाम्या माणसाला प्रश्न फार सुचतात." त्यांनी कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. जेवताना मी दोनदा काहीतरी बोलायला काढलं, त्यांनी हूं म्हटलं. जीभ कापून ठेवावी असं वाटलं.

२२ जानेवारी, बुधवार

झालं ते क्रमाने लिहिते, म्हणजे मला तरी नीट कळेल.

तपासनीस साडेदहाला आले. उंच, सावकाश बोलणारे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. मोठ्या बाई त्यांच्या शेजारी बसल्या. मी डबा दाखवला, मुलांनी तळ भरला, खांब लावला, घनफळ साठ घन सेंटीमीटर असं सांगितलं. दुसरा डबा, तिसरा डबा, सगळं बरोबर. मोठ्या बाईंचा चेहरा खुलला होता. पाच मिनिटं उरली होती.

तपासनीस उठले. पहिला डबा उचलला, उपडा करून ठोकळे टेबलावर ओतले आणि रिकामा डबा मुलांसमोर धरला. "आता याचं घनफळ किती?"

सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "शून्य."

असा खणखणीत आवाज माझ्या वर्गाने प्रार्थनेलाही कधी काढला नव्हता. ते म्हणाले, "मघाशी साठ म्हणालात. तेव्हा तरी कुठे पूर्ण भरलेला होता?" वकील उभी राहिली. "साहेब, तेव्हा आम्ही तो मनात भरला होता. आता तुम्ही रिकामा केलात. घन म्हणजे भरीव. पोकळ म्हणजे घन नव्हे." आणि तिने वही उघडून चौकट दाखवली.

मला एका क्षणात सगळं दिसलं. ते पोकळचं वाक्य, डब्यातलं पाणी, ह्यांची रिकामी गाडी. मोठ्या बाई घाईने म्हणाल्या, "मुलांनी लक्ष दिलं नसेल साहेब. आता हिचंच बघा ना, फार फाटे फोडते." वकील माझ्याकडे बघत होती. तिचे कान लाल झाले होते.

मी म्हटलं, "नाही. मुलांनी फार लक्ष दिलं. चूक माझी आहे. ते वाक्य मी फळ्यावर लिहून दिलंय."

तपासनिसांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, तीन फेब्रुवारीला पुन्हा येईन. ते गेल्यावर मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. "हात दाखवून अवलक्षण करायची काय गरज होती? पोरांचं काय जातं, त्यांना कोण काढून टाकणारे?"

बरोबर आहे त्यांचं. मला काढून टाकतील. तरी ते लाल झालेले कान डोळ्यांसमोरून जात नाहीत.

२३ जानेवारी, गुरुवार

काल घरी काही बोललेच नाही. आज संध्याकाळी ह्यांनीच विचारलं, सहा दिवसांनी. शून्यापर्यंत आले तर हे हसायला लागले. पाठीला धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. मी आधी चिडले, मग मलाही हसू आलं.

मग डोळे पुसून म्हणाले, "पोरांचं बरोबर आहे. आमच्याकडे नवीन आलेला माणूस हेच करतो. रिकामं खोकं हलकं लागतं, म्हणून धरतच नाही हिशेबात. गाडी भरत आली की कळतं, जागा गेली कुठे. रिकामं खोकं वजन देत नाही, पण जागा तेवढीच अडवतं."

मी म्हटलं, "हे मला फळ्यावर सांगता येणार नाही. पुन्हा काहीतरी शब्द फोडून बसेन."

ह्यांनी पाय दिवाणावरून खाली सोडले. मग म्हणाले, "मी येऊ का?"

तीन मजले उतरायचे, पुन्हा चढायचे. मी डॉक्टरांचं नाव काढलं. ते म्हणाले, डॉक्टरांनी उचलायला नको म्हटलंय, बोलायला नाही.

मी सतरा तारखेच्या त्या वाक्याबद्दल माफी मागितली. म्हणाले, कसली? त्यांना सगळं आठवत होतं, तरी म्हणाले कसली.

२५ जानेवारी, शनिवार

अर्ध्या दिवसाची शाळा. मोठ्या बाईंना सांगितलं की पालकांपैकी एक जण येणार आहेत. पालक कुणाचे ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

हे पाठीचा पट्टा बांधून आले. शाळेच्या मागच्या फरशीवर खडूने गाडीचा तळ आखला. दुकानांतून आणलेली खोकी होती, सगळी एकाच मापाची, निम्म्यांत रद्दी आणि निम्मी रिकामी. हे स्टुलावर बसले आणि हुकूम सोडू लागले. "वाकू नका. गुडघ्यात बसा, मग उचला. माझ्याकडे बघा, मी कमरेत वाकलो आणि स्टुलावर आलो." मुलं लगेच त्यांना गाडीवाले काका म्हणायला लागली.

तळात बारा खोकी बसत होती. मुलांनी नऊ भरलेली लावली आणि तीन रिकामी. ह्यांनी विचारलं, "आता आणखी किती मावतील तळात?"

"तीन," वकील म्हणाली. "तीन रिकामी आहेत ती शून्य."

"मग लाव तीन."

तिने पहिलं उचललं आणि सगळीकडे फिरवून बघितलं. आडवं धरलं, उभं धरलं, एका रिकाम्याला पायाने ढोसलं. ते सरकलं आणि खडूच्या रेषेबाहेर गेलं. बराच वेळ ती खोकं छातीशी धरून उभी होती.

"जागा कुणी अडवली?" ह्यांनी विचारलं.

"रिकाम्याने," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "म्हणजे बाई, तुम्ही लिहून दिलेलं चूक आहे."

मी म्हटलं, हो, चूक आहे. फरशीवरच वह्या उघडल्या. खोडरबर वापरू दिला नाही. जुन्या वाक्यावर एक रेघ मारायची, वाचता येईल अशी, आणि खाली लिहायचं: वस्तू जेवढी जागा अडवते ते तिचं घनफळ, भरलेली असो वा रिकामी. हे स्टुलावर बसून एकेकाच्या वहीत डोकावत होते.

घरी चढताना प्रत्येक मजल्यावर बसले. मी रागावले की झेपत नाही तर कशाला. जेवले आणि लगेच झोपले, भिंतीकडे तोंड न करता. नव्या गोळ्यांनी झोपही चांगली लागते असं दिसतंय.

२९ जानेवारी, बुधवार

मुलं रोज विचारतात, गाडीवाले काका कधी येणार. हे रोज विचारतात, पोरं काय म्हणतात. मधल्यामध्ये मी पोस्टमन झालेय.

आज ह्यांनी दंडगोलाबद्दल विचारलं. पिंप गाडीत कसं धरायचं, म्हणजे भोवतालची फुकट गेलेली जागा कुणाच्या नावावर टाकायची. मला माहीत नव्हतं. पाचवीला दंडगोल नाही याचे मनोमन आभार मानले.

३ फेब्रुवारी, सोमवार

तपासनीस आले. तोच डबा, तोच प्रश्न. ठोकळेही त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवले होते.

"साठ," वर्ग म्हणाला.

"पण रिकामा आहे."

वकील उठलीच. "साहेब, रिकामा असला तरी जागा तेवढीच अडवतो. तुम्ही जेवून आलात किंवा उपाशी आलात, तरी बाकावर तुम्हाला जागा तेवढीच लागणार."

वर्ग हसला. मोठ्या बाईंनी डोळे मिटले. तपासनिसांनी आपण बसलेल्या बाकाकडे एकदा बघून घेतलं. मग तिची वही मागितली आणि ते पान बराच वेळ वाचलं. "हे वाक्य कुणी खोडायला सांगितलं?"

"बाईंनी. वाचता येईल असंच खोडा म्हणाल्या."

"का?"

तिने खांदे उडवले. "चूक कुठे होती ते कळायला."

त्यांनी वही परत दिली आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता गेले. शिक्षकखोलीत सगळे म्हणाले, बोलले नाहीत म्हणजे चांगलं. मला तसं वाटत नाही. मार्चनंतर शिकवण्या घ्याव्या लागतील. निबंधाच्या कुणी लावत नाही, सगळ्यांना गणिताच्या हव्या असतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पत्र आलं. मोठ्या बाईंनी वर्गाच्या दारातच हातात दिलं. एक एप्रिलपासून मी कायम.

खाली तपासनिसांचा शेरा आहे, दोन ओळींचा. "शिक्षिकेने स्वतःची चूक वर्गासमोर मान्य करून दुरुस्त केली. गणित विषय पुढेही यांच्याकडेच ठेवावा." पहिली ओळ वाचताना डोळे भरून आले आणि दुसरी वाचताना कोरडे झाले. म्हणजे पुढच्या वर्षीही गणित. पाचवीचं, आणि मोठ्या बाई म्हणतात सहावीचंही. दंडगोल तिथेच आहे.

मुलांना सांगितलं तर त्यांनी बाकं वाजवली. वकील म्हणाली, "मग खटला जिंकलो ना बाई."

घरी जवळजवळ पळतच आले. तीन मजले एका दमात. दार उघडलं तर दिवाण रिकामा. पट्टा खुंटीला नाही, बुटांची जागा मोकळी. शेजारणीने सांगितलं, दुपारी कंपनीची गाडी आली होती. कुठलं तरी मोठं वाचनालय हलवायचंय, पुस्तकं आणि कपाटं मिळून सगळं तीन गाड्यांत बसवायचंय. मालक स्वतः वर आले होते. उचलायचं काही नाही, नुसतं उभं राहून सांगायचं. हे म्हणे माझी पट्टी आणि खडू घेऊन गेले. खडू शाळेचा होता.

मला राग आला. चार महिने हा माणूस दिवाणावरून हलला नाही, आणि मी एकदा धावत आले तर घरात नाही. पत्र हातात धरून तशीच बसले. मग राग गेला, कधी ते कळलं नाही, आणि इतकं बरं वाटलं की चहाचं आधण उतू जाईपर्यंत उठलेच नाही.

दिवाणाच्या गादीत ह्यांच्या अंगाचा खड्डा पडलाय. खांद्याशी रुंद, कमरेशी खोल. लांबी आहे, रुंदी आहे, खोलीही आहे, पण एक कड सरळ असेल तर शपथ. याचं घनफळ कसं काढायचं ते पाचवीच्या पुस्तकात नाही, सहावीच्याही नसणार. सोपा उपाय म्हणून गादी उलटी करून घालायला घेतली.

तर खाली डॉक्टरांच्या नव्या गोळ्यांची पाकिटं निघाली. दहा जानेवारीला आणलेली, सगळीच्या सगळी. एकही गोळी फोडलेली नाही.

मग पाठीला उतार पडला तो कशाने? आले की विचारणार आहे. आधी पत्र दाखवीन.